शीळ: गीत, वाद्य की इतर?

नवी कवळी बसवून आणली त्या संध्याकाळी मोजणीदार इमारतीच्या खाली उभे राहिले, मान वर केली, ओठांचा चंबू केला आणि नेहमीसारखी शीळ घातली. निघाली ती नुसती हवा. सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी, आणि हवेबरोबर थोडं ओलसरही काही. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांच्या घराचं दार उघडलं नाही. मोजणीदारांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ करायचा होता असा आव आणला आणि पुन्हा एकदा जोर लावला. या खेपेला पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून, मांजर हाकलताय का, म्हणून आपुलकीने विचारलं.

मोजणीदार हे काही त्यांचं नाव नव्हे. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही म्हणून जे हाताशी येईल ते मोजायला लागले. इमारतीच्या आवारात गाड्या लावायच्या जागा त्यांनी एका रविवारी फीत लावून मोजल्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची गाडी नऊ इंच सामाईक जागेत उभी असते हे नकाशासह सिद्ध केलं. तेव्हापासून त्यांना मोजणीदार हे नाव चिकटलं आणि सेक्रेटरींशी त्यांचे संबंध त्या नऊ इंचांएवढे तिरके झाले.

तर शीळ. ती साधीसुधी शीळ नव्हती. दोन आखूड सूर, मग क्षणभर थांबा, मग एक लांब सूर, आणि त्या लांब सुराच्या बरोब्बर मध्यावर एक खोच. म्हणजे सूर एकदा तुटल्यासारखा व्हायचा आणि लगेच पुढे चालू लागायचा. मोजणीदारांचे आजोबा लाकडाच्या वखारीत होते. करवतीच्या आवाजात हाक ऐकू जात नसे म्हणून ते शीळ घालून माणसं बोलवायचे आणि तीच शीळ घरी आणून पोरांना बोलवायचे. मग ती वडिलांकडे आली. वडील कोपऱ्यावर वळले की शीळ यायची आणि गल्लीभर पांगलेली तिन्ही भावंडं हातातलं टाकून घराकडे पळायची. मोठ्या भावाने उचलली, मोजणीदारांनी उचलली. मोठा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. मोजणीदारांच्या मुलाला शीळ येत नाही, त्याच्याकडे मोबाइल आहे. म्हणजे हिशेब सरळ होता: ही शीळ अचूक घालणारा जगात एकच माणूस उरला होता आणि त्याचे पुढचे चार दात दातांच्या डॉक्टरांनी एका स्टीलच्या तबकात काढून ठेवले होते.

हे त्यांच्या लक्षात जिना चढताना आलं. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून जरा वेळ उभे राहिले. घर गेलं, वखार गेली, वडिलांचा कोट कुणाला दिला तेही आता आठवत नव्हतं. एवढी एकच गोष्ट अशी होती की जिला कपाट लागत नव्हतं. तीही अशी तोंडातून काढून दिली, आणि देताना तोंडाला भूल दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चावायला त्रास होतो का, बोलताना अडतं का, हे विचारलं. शीळ वाजत नाही ही तक्रार त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली. कवळी खाण्यासाठी आणि हसण्यासाठी असते असं त्यांनी समजावलं. जुन्या दातांमध्ये होती तशी बारीक फट नव्या दातांत कानसून द्यावी, ही मोजणीदारांची मागणी त्यांनी फेटाळली, आणि वर, लोक फट बुजवायला येतात हो, असंही म्हणाले. मोजणीदारांनी फटीचं माप कागदावर लिहून नेलं होतं. तो कागद घडी करून त्यांनी खिशात परत ठेवला.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणसाला औषध वेळेवर मिळेल की नाही सांगता येत नाही, सल्ला मात्र जिन्यातच मिळतो. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी जीभ खालच्या दातांना टेकवून ‘उ’ आणि ‘ई’ एकाच वेळी म्हणायला सांगितलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने ओठ कोरडे पडत असतील म्हणून एक मलम दिलं, त्यामुळे ओठ इतके निसरडे झाले की चंबूच टिकेना. मांजरवाल्या बाईंनी पहाटे रिकाम्या पोटी सराव करावा असं सुचवलं. मुलगा म्हणाला, बाबा, मोबाइलवर कुठलीही शीळ मिळते, तुम्हाला कुठली हवी? यावर मोजणीदार दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आणि बायको म्हणाली की दाराला घंटी आहे, ती वाजवावी. ती हे शांतपणे आणि काळजीपोटीच म्हणाली, त्यामुळे जास्त लागलं.

त्यांनी गच्चीवर सराव सुरू केला. कवळी लावून, कवळी काढून, एकदा फक्त वरची काढून. चौथ्या दिवशी कवळी न लावता एक बऱ्यापैकी सूर निघाला. ते इतके हरखले की तोच सूर पंधरा-वीस वेळा काढत राहिले, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी एक तरुण सून हातातली चादर तशीच टाकून खाली निघून गेली होती आणि तिच्या जागी तिचे सासरे उभे होते.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या फलकावर सूचना लागली. ‘काही ज्येष्ठ सभासद गच्चीवरून शेजारील इमारतीच्या दिशेने शीळ घालत असल्याची तक्रार आली आहे. ज्येष्ठांनी वयास शोभेल असे वर्तन ठेवावे.’ काही ज्येष्ठ सभासद म्हणजे कोण, हे सेक्रेटरींनी लिहिलं नव्हतं, पण सूचना फलकाच्या मध्यावर न लावता नऊ इंच डावीकडे लावली होती. निदान मोजणीदारांना तरी ती नऊ इंच वाटली.

छत्तीस वर्षांत त्यांच्यावर एक ठपका नव्हता. रागाने त्यांचे कान लाल झाले. ते तडक सेक्रेटरींकडे गेले आणि ही आमच्या घराण्याची शीळ आहे, चार पिढ्यांचं धन आहे, असं बरंच काही बोलले. पिढ्या तीनच होत्या, चौथी भरात आली. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की तसं असेल तर वारसा नोंदणी कार्यालयाचं एखादं पत्र आणा, आपण सकाळी दहा ते अकरा सरावाला परवानगीचा ठराव करू. मोजणीदार कधीच कुठल्या कार्यालयात जाणार नाहीत अशी त्यांची कल्पना असावी. मोजणीदारांना ते ओळखत नव्हते, एवढंच यावरून सिद्ध होतं.

जुन्या कला-परंपरांची नोंद ठेवणारं वारसा नोंदणी कार्यालय खरोखरच होतं. लांबलचक बोळ, एका टोकाला झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्या टोकाला खिडक्या. खिडकी क्रमांक चारवर एक बाई होत्या. त्यांनी नऊ पानी अर्ज दिला. मोजणीदार बाकावर बसून तो भरू लागले आणि पहिल्याच पानावर अडले. ‘प्रकार: गीत / वाद्य / नृत्य / हस्तकला / इतर.’ त्यांनी ‘इतर’वर खूण केली. बाईंनी अर्ज परत केला. ‘इतर’साठी वरच्या कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. मग ‘गीत’ केलं. गीताचे शब्द जोडलेले नाहीत, म्हणून अर्ज परत. मग ‘वाद्य’. वाद्य कशाचं बनलेलं आहे, या रकान्यात त्यांनी थोडा विचार करून ‘ओठ व दात’ लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि मूळ साहित्य अजून अस्तित्वात आहे का, असं विचारलं. मोजणीदारांना स्टीलचं तबक आठवलं. ते नाही म्हणाले.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियमाची एक वाट दाखवली. मूळ स्वरूप प्रत्यक्ष ऐकलेली एखादी वयस्कर व्यक्ती साक्षीदार म्हणून सही करायला तयार असेल, तर पुढचं पाहता येईल. आणि मोजणीदार उठताना त्या सहज म्हणाल्या की कागद पुरे असले की सगळं होतं. हे वाक्य मोजणीदारांच्या चांगल्या ओळखीचं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी ते शेतकऱ्यांना, विधवांना, भांडणाऱ्या भावांना याच सुरात ऐकवलं होतं. चतुःसीमा लिहून आणा, मग बघू. खिडकीच्या अलीकडून ते वाक्य किती लांबचं वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

वयस्कर व्यक्ती एकच होती. ताई. त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी, शहराच्या पलीकडच्या टोकाला लेकीकडे राहायची. भाऊ गेला तेव्हा भेटली होती, त्यानंतर फोनवर. भांडण असं काही नव्हतं. भांडण असतं तर बोलून तरी झालं असतं.

ताई खुर्चीत बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. भाचीने मामाला पाणी दिलं, चहा टाकायला आत गेली. मोजणीदारांनी कवळीपासून खिडकीपर्यंत सगळं सांगितलं. ताईने मध्ये एकदाही अडवलं नाही, फक्त सूचनेच्या फलकापाशी तिचे खांदे हलले. मग ती म्हणाली, बघू, घालून दाखव. मोजणीदारांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि होती नव्हती ती हवा पणाला लावली. ताई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसून तिने विचारलं, “यातली कुठली नोंदवतोयस? आजोबांची की बाबांची?”

मोजणीदारांना प्रश्नच कळला नाही. शीळ एकच होती.

“एक कशी असेल? आजोबांची सरळ होती. दोन आखूड, एक लांब, बस्स. खोच बाबांची.”

“बाबांनी मुद्दाम घातली?”

“मुद्दाम कुठली. मी आठ वर्षांची होते. बाबा सायकलवरून वखारीच्या लोखंडी फाटकावर आपटले आणि पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून सूर मध्येच तुटायला लागला. पहिले सहा महिने तर वैतागायचे, आजोबा हसायचे. मग सवय झाली. तू नंतरचा. तुला वाटलं तशीच असते.”

मोजणीदारांनी खिशातल्या अर्जाची घडी उलगडली. ज्या खोचेसाठी ते गच्चीवर बेअब्रू झाले होते, ती एका मोडक्या दाताची होती. आयुष्यभर त्यांनी लोकांना मूळ हद्द काढून दिली होती, पण खरं सांगायचं तर मूळ हद्द त्यांनी कधी पाहिली नव्हती. आजच्या दगडाच्या खाली जुन्या नकाशातला दगड असायचा, हातभर सरकलेला, आणि त्या नकाशाच्या मागे आणखी एक नकाशा. शेवटी दोन्हीकडचे लोक मान डोलवतील ती रेघ, असंच चालायचं. हे त्यांना जमिनीबाबत ठाऊक होतं. शिळेलाही ते लागू असेल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी अर्ज पुढे केला आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं. ताईने चष्मा लावला, पण पेन उचललं नाही.

“मागेही असाच एक कागद घेऊन आला होतास,” ती म्हणाली.

आला होता. एकवीस वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर. घर त्यांनीच मोजलं होतं आणि दोन भावांत अगदी इंचापर्यंत बरोबर वाटलं होतं. बहिणीने हक्क सोडल्याचा कागद लागत होता. पद्धतच तशी आहे, असं तेव्हा ते म्हणाले होते, आणि ताईने चहा निवायच्या आत सही केली होती. तो चहा कुठल्या कपात होता हेही त्यांना आत्ता आठवलं.

“सही करू नये असं म्हणत नाही मी,” ताई म्हणाली. “फक्त आठवण झाली. शीळ ऐकली की घरी यायचं, एवढंच मला होतं. एकदा मी घातली तर आजीने हातावर चापट मारली. मुलींनी शीळ घालायची नाही. तुम्ही दोघं अंगणात घालत बसायचात आणि मी ऐकायची. साक्षीदारच मी. बरोबर आहे तो रकाना.”

मोजणीदारांना बोलता येईना. त्याचं थोडं कारण असंही होतं की कवळी रुमालातच होती.

ताईने मग कोड्याशेजारचा स्टीलचा पेला पुढे ओढला आणि चमच्याने त्याच्या काठावर वाजवलं. टिंग टिंग. थांबा. टिंग, टिंग. हे तिने इतक्या सहज केलं की मोजणीदारांना आधी काही समजलं नाही. आतून भाची पदराला हात पुसत बाहेर आली आणि, काय गं, म्हणाली.

“काही नाही. चहात साखर कमी टाक मामाच्या.”

भाची आत गेली. मोजणीदार पेल्याकडे बघत राहिले.

“लग्न झाल्यावर,” ताई म्हणाली, “पोरं खाली खेळायला जायची. हाका मारून घसा बसायचा. शीळ घालायची नाही. मग पेला वाजवायला लागले. पन्नास वर्षं झाली. ही येते, दार बंद असलं तरी येते. नात पण येते. आपण कशाला येतो ते त्यांना ठाऊक नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय?”

“पण खोच आहे,” मोजणीदार कसंबसं म्हणाले. “शेवटी दोन वाजवलेस.”

“असणारच. बाबांचा मोडका दात आहे तो. मला काय आजोबांचीच आवडायची असं नाही.”

चहा आला. मोजणीदारांनी तोंड फिरवून कवळी बसवली, चहा प्यायले, आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं. सरकारी अर्जावर खाडाखोड करायची नाही हा नियम त्यांनी नोकरीत कित्येकांना शिकवला होता. त्यांनी ‘परंपरेचे जाणकार’ या रकान्यातलं स्वतःचं नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि तिथे ताईचं पूर्ण नाव लिहायला घेतलं. लग्नाआधीचं की नंतरचं, असं ताईने विचारलं. रकान्यात एकाचीच जागा होती. त्यांनी दोन्ही लिहिली, दुसरं समासात गेलं. मग साक्षीदाराच्या रकान्यात स्वतः सही केली.

ताईने अर्ज हातात घेऊन बराच वेळ वाचला. एवढंच म्हणाली की समासातलं अक्षर जरा बरं काढायला हवं होतं.

आठवड्याने दोघं कार्यालयात गेली. बाईंनी अर्ज चाळला, खाडाखोड पाहिली, भुवया वर केल्या. पण पुढच्या रकान्यांनी त्यांचं समाधान केलं. प्रकार: वाद्य. कशाचं बनलेलं: स्टीलचा पेला व चमचा. मूळ साहित्य अस्तित्वात: होय. एवढे सुबक भरलेले रकाने त्या खिडकीवर बऱ्याच दिवसांत आले नसावेत. फक्त जाणकारांच्या ओळखपत्राच्या दोन प्रती नव्हत्या. ते ओळखपत्र घेऊन मोजणीदार बोळाच्या दुसऱ्या टोकाला झेरॉक्सपाशी गेले.

तिथे रांग होती. मशीन जुनं होतं आणि घरघरत होतं, मागे कुणीतरी फोनवर जोरजोरात पत्ता सांगत होतं, पुढचा माणूस अख्खं पुस्तक छापून घेत होता. तासाभराने नंबर लागला. झेरॉक्सवाल्याने ओळखपत्र काचेवर ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं.

त्यानंतर काय झालं ते मोजणीदारांना नीट सांगता येत नाही. एवढं खरं की पुढच्या क्षणी ते बोळाच्या मध्यावर होते, लोकांना बाजूला सारत, थोडे धापा टाकत, आणि मग खिडकी क्रमांक चारपुढे उभे होते. ताईच्या एका हातात पाण्याची स्टीलची बाटली होती आणि दुसऱ्या हातात पर्समधून आणलेला चमचा. बाईंनी प्रात्यक्षिक मागितलं होतं आणि, हे ऐकून नेमकं कोण येतं, असं विचारलं होतं.

“हा येतो,” ताई म्हणाली.

बाईंनी मोजणीदारांकडे पाहिलं, मग बोळाच्या त्या टोकाकडे. “तिथे इतक्या गोंगाटात तुम्हाला ऐकू आलं?”

मोजणीदारांनी प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर कागदावर जाणार होतं, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं.

“ऐकू आलं असं नाही म्हणता येणार,” ते म्हणाले. “बोलावलं, म्हणून आलो.”

बाईंनी पेन उचललं. काय लिहावं ते त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली, आणि रकाना संपला तरी लिहीत राहिल्या.

ताईने चमचा पर्समध्ये ठेवला. “आलास ते बरं केलंस,” ती धाकट्या भावाला म्हणाली. “माझं ओळखपत्र कुठाय?”